शनिवार-रविवारात गाडीची तुंबलेली कामं : नाशिकच्या पार्किंगमधून, मिसळीच्या फेरीसकट

भाऊबीजेला धुळ्याला बहिणीकडे जायचं आणि वाटेत सप्तशृंगी गडावर देवीचं दर्शन घ्यायचं असं ठरलं, तेव्हा मी गाडीची वही काढली. शेवटचं ऑइल बदलून चौदा महिने आणि साडेतेरा हजार किलोमीटर झाले होते. ब्रेक ऑइलची नोंद तीन वर्षांपूर्वीची. पुढचे ब्रेक पॅड कधी बघितले, ते वहीत कुठेच नव्हतं. आठ वर्षांची पेट्रोल हॅचबॅक, इंदिरानगरला आमच्या सोसायटीत उघड्यावर उभी असते. या गाडीत आई, बायको आणि मुलगी बसवून मी गडाचा घाट उतरणार होतो. म्हणून ऑक्टोबरचा एक शनिवार-रविवार पूर्ण गाडीसाठी काढला. मदतीला भाचा होता. तो इथेच शिकायला आहे.

त्या दोन दिवसांत आम्ही काय केलं आणि कोणत्या क्रमाने केलं, ते इथे सविस्तर लिहितोय. क्रमाला फार महत्त्व आहे. टायरची हवा, कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) आणि ऑइलची पहिली तपासणी थंड गाडीवर करायची असते. जुनं ऑइल काढायला इंजिन कोमट लागतं. ब्रेकचं काम पार्टसची दुकानं उघडी असताना हातात घ्यावं, कारण एखादा बोल्ट अडला किंवा पिन गंजलेली निघाली तर रविवारी दुपारी ती मिळत नाही. नाश्ता-जेवणाच्या फेऱ्या या क्रमात नीट बसवल्या, की गाडी तापवायला आणि तपासायला वेगळं फिरावं लागत नाही.

शुक्रवारी संध्याकाळी : सामान

पार्टसची खरेदी शुक्रवारीच उरका. मी सारडा सर्कल ते द्वारका या पट्ट्यात घेतो. दुकानात नुसतं मॉडेलचं नाव सांगून भागत नाही. एकाच मॉडेलमध्ये वर्षागणिक फिल्टर आणि पॅड बदलतात. आरसी बुकाचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा आणि चेसिस नंबर दाखवा. काउंटरवरचा माणूस त्यावरून पार्ट नंबर काढून देतो.

आमची यादी अशी होती : इंजिन ऑइल, ऑइल फिल्टर, ऑइल चेंबरच्या (इंजिनच्या तळाशी ऑइल साठतं त्या डब्याच्या) नटाचा नवा वायसर, एअर फिल्टर, केबिन फिल्टर, पुढचे ब्रेक पॅड, ब्रेक ऑइलचा सीलबंद डबा, वायपरची दोन पाती, बॅटरीत टाकायचं डिस्टिल्ड वॉटर. ऑइलचा ग्रेड गाडीच्या पुस्तकात दिलेला असतो, ०डब्ल्यू-२० किंवा ५डब्ल्यू-३० असा. तोच घ्यायचा. ‘गाडी जुनी झाली, आता जाड ऑइल टाका’ हा सल्ला काउंटरवर हमखास मिळतो. इंजिन खरोखर ऑइल पीत नसेल तर तो मानू नका. वायसर हातात मावेल एवढा छोटा, किंमतही किरकोळ, पण तो जुनाच ठेवला की आठवड्याभरात पार्किंगच्या फरशीवर काळा ठिपका दिसायला लागतो.

पाने, जॅक आणि परातीसारखं रुंद भांडं घरात असेल. दोन जॅक स्टँड (उचललेल्या गाडीखाली लावायचे लोखंडी आधार) नसतील तर मात्र विकत किंवा उसने आणाच. गाडीसोबत येणारा घडीचा जॅक पंक्चर काढण्यापुरता असतो. त्याच्या भरवशावर गाडीखाली कधीही शिरू नका, एका मिनिटासाठीसुद्धा नाही. मी भाच्याला पहिली गोष्ट हीच सांगितली आणि दोन दिवसांत चार वेळा सांगितली.

शनिवार सकाळ : थंड गाडी

सहा-साडेसहाला, गाडी सुरू करण्याआधी बॉनेट उघडा. गाडी सपाट जागेवर हवी. डिपस्टिक (ऑइलची पातळी मोजायची पट्टी) काढून पुसा, परत पूर्ण आत घाला, मग बाहेर काढून बघा. बहुतेक गाड्यांत खालच्या आणि वरच्या खुणेत साधारण एक लिटरचा फरक असतो. आमचं ऑइल खालच्या खुणेच्या जरा वर होतं. पट्टीवरचा थेंब भाच्याने अंगठा आणि तर्जनीत घेऊन चोळला. तो काळा असणारच, काळेपणाला घाबरायचं नाही, पण त्यात वाळूसारखी कचकच लागली किंवा धातूची चमक दिसली तर मेकॅनिककडे जावं लागतं. रंग दुधी-चहासारखा असेल तर कूलंट ऑइलमध्ये शिरलंय, मग गाडी सुरूसुद्धा करू नका. आमच्या थेंबात कचकच नव्हती. पण ऑइल पाण्यासारखं पातळ लागलं आणि जळका वास होता.

कूलंटची पातळी प्लास्टिकच्या टाकीवरच्या दोन खुणांच्या मध्ये हवी. कमी असेल तर आधी जो प्रकार आहे तोच टाका. रंग सारखा दिसला म्हणून प्रकार सारखाच असेल असं नाही. नळाचं पाणी टाकू नका, क्षार आत साचतात. रेडिएटरचं झाकण गरम इंजिनवर उघडायचं नाही हे सगळ्यांना माहीत असतं, तरी हात भाजलेली माणसं दर उन्हाळ्यात भेटतात.

ब्रेक ऑइलची टाकीही आत्ताच बघून ठेवा, पण कमी दिसलं तरी भरू नका. त्याचं कारण दुपारी कळेल.

बॉनेटखाली उंदरांच्या खुणा शोधा. पावसाळ्यात आणि त्यानंतर उघड्यावर उभ्या गाड्यांत ते ऊब शोधत येतात. बॅटरीच्या मागे आम्हाला सुकं गवत, कापूस आणि शेंगांची टरफलं सापडली. वायर कुरतडलेली नव्हती, हे नशीब. प्रत्येक वायरवरून टॉर्च फिरवून बघा. इन्सुलेशन निघालेलं दिसलं तर ते काम ऑटो इलेक्ट्रिशियनला द्या.

मिसळ, आणि तोवर तापलेलं ऑइल

आता गाडी काढा. आम्ही बारदान फाट्याजवळच्या साधनाला चुलीवरची मिसळ खायला गेलो. घरापासून अंतर दहाएक किलोमीटर, म्हणजे इंजिन नीट तापतं. शनिवारी लवकर जाण्याचं कारण साधं आहे. रविवारी तिथे रांग लागते आणि रांगेत अर्धी सकाळ जाते. मटकी, शेव, कांदा, लिंबू, पापड, दह्याची वाटी आणि वेगळ्या भांड्यात काळ्या मसाल्याचा रस्सा. रस्सा हळूहळू ओतत खावा, एकदम ओतला तर शेवेचा लगदा होतो. भाच्याने तिसरा पाव मागवला, तेव्हा मी त्याला दुपारी वाकून काम करायचंय याची आठवण करून दिली.

खाताना मनात एक यादी चालू ठेवा : येताना गाडीने कोणते आवाज केले? आमच्या गाडीचं स्टिअरिंग ब्रेक दाबला की किंचित थरथरत होतं आणि सिग्नलला थांबताना डाव्या चाकातून बारीक किर्रर्र येत होती. हे मी कागदावर लिहिलं. पॅड बघायची घाई होण्याचं कारण तेच.

परत आल्यावर गाडी दहा-पंधरा मिनिटं उभी ठेवा. ऑइल चेंबरमध्ये उतरू द्या आणि हात भाजणार नाही एवढं निवू द्या. मग गाडीचं नाक उचला. हँडब्रेक ओढा, गाडी पहिल्या गिअरमध्ये टाका, मागच्या चाकांना लाकडी ठोकळे लावा. जॅक पुस्तकात दाखवलेल्या जागीच लावायचा. दोन्ही बाजूंना जॅक स्टँड आले की गाडी हाताने हलवून बघा. डगमगली तर खाली घेऊन परत लावा.

आधी वरचं, ऑइल भरायचं झाकण उघडा, म्हणजे जुनं ऑइल सरळ धारेने येतं. मग भांडं खाली सरकवून चेंबरचा नट सैल करा. शेवटचे दोन आटे बोटांनी फिरवायचे आणि नट आतल्या बाजूला दाबून धरायचा, मग झटकन बाजूला घ्यायचा. धार आधी जाड, मग बारीक, मग थेंब थेंब. थेंब थांबेपर्यंत घाई करू नका. आम्ही तेवढ्यात चहा घेतला.

फिल्टर काढल्यावर जुनी रबरी रिंग इंजिनलाच चिकटून राहिली नाही ना, हे बोटाने तपासा. ती राहिली आणि वर नवी बसवली तर गाडी सुरू होताच ऑइल बाहेर फवारतं. नव्या फिल्टरच्या रिंगला ताज्या ऑइलचं बोट फिरवा, हाताने बसवा आणि रिंग टेकल्यावर पाऊण फेरा आणखी. पान्याने आवळू नका. चेंबरचा नट नव्या वायसरसकट लावा. तो घट्ट हवा, पण चेंबर अॅल्युमिनियमचा असेल तर अंगातला जोर दाखवायची जागा ही नाही. आटे गेले की खर्च मोठा.

आमच्या गाडीला फिल्टरसकट ३.१ लिटर ऑइल लागतं. आधी २.८ लिटर भरलं, इंजिन मिनिटभर चालवलं, खाली वाकून गळती पाहिली, पाच मिनिटं थांबून डिपस्टिक बघितली आणि मग उरलेलं थोडं थोडं टाकलं. वरच्या खुणेच्या पुढे जाऊ नका. जास्त ऑइलही इंजिनाला त्रास देतं.

जुनं ऑइल रिकाम्या कॅनमध्ये भरून झाकण घट्ट लावा. ते गटारात ओतणं हा गुन्हा आहे असं मी मानतो. आमच्या भागातलं पाणी नासर्डीला जातं आणि नासर्डी गोदावरीला. ज्या गॅरेजमध्ये जुन्या ऑइलचा पिंप असतो तिथे कॅन नेऊन द्या. बहुतेक जण घेतात, कारण ते पुढे विकलं जातं.

दुपार : ब्रेक

हाताची काळी घाण साबणाने जात नाही. चमचाभर गोडेतेल आणि साखर हातावर चोळा, मग भांड्याचा साबण लावा. भाचा कोपऱ्यावरून उलटा वडापाव घेऊन आला होता. पावात बटाट्याची भाजी भरून अख्खा पाव पिठात बुडवून तळलेला. पाव आत मऊ, बाहेर कुरकुरीत, सोबत तळलेली मिरची. दोघांनी पार्किंगमधल्या कट्ट्यावर बसून खाल्ले. यापेक्षा जड जेवलात तर पुढचं काम झोपेत होईल, आणि हे काम झोपेत करण्यासारखं नाही.

तुम्ही ब्रेक पॅड कधीच बदलले नसतील तर पहिल्यांदा ते मेकॅनिकसमोर उभं राहून बघा. हातात घेताना एकाच वेळी एकच चाक उघडा, म्हणजे दुसरं नमुन्यासाठी जसंच्या तसं राहतं.

चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच अर्धा फेरा सैल करा. मग उचला, स्टँड लावा, चाक काढा. काढलेलं चाक गाडीखाली आडवं सरकवून ठेवा, काही चुकलंच तर गाडी त्याच्यावर टेकेल. आमच्या डाव्या चाकाचा आतला पॅड मी काढून नव्याच्या शेजारी पायरीवर ठेवला. नवा करंगळीएवढा जाड. जुन्यावर मटेरियल जेमतेम दोन मिलिमीटर उरलेलं, आणि एका कडेला तेही तिरकं झिजून पत्र्याला टेकलेलं. भाचा बघतच राहिला. म्हणाला, ‘मामा, बाहेरचा तर ठीक दिसत होता.’ नेमकं तेच होतं. चाकाच्या फटीतून बाहेरचा पॅड दिसतो आणि आपण निश्चिंत होतो. तीन मिलिमीटरच्या खाली गेला की पॅड बदलायचाच, आणि आतला-बाहेरचा दोन्ही बघायचे.

आतला जास्त का झिजला? कॅलिपरच्या, म्हणजे पॅड धरून दाबणाऱ्या भागाच्या, सरकत्या पिना सुकल्या होत्या. खालचा बोल्ट काढून कॅलिपर वर फिरवला, पिना बाहेर काढल्या, पुसल्या, त्यांना ब्रेकसाठीचं सिलिकॉन ग्रीस लावलं. साधं ग्रीस तिथे नको, रबर फुगतं. कॅलिपर पूर्ण सुटा करावा लागला तर रबरी नळीवर लोंबकळत सोडू नका, तारेने स्प्रिंगला बांधून ठेवा.

कॅलिपरमधला पिस्टन मागे दाबताना भाच्याला ब्रेक ऑइलच्या टाकीवर लक्ष ठेवायला बसवलं. पिस्टन आत गेला की टाकीतलं ऑइल वर चढतं. सकाळी टाकी भरू नका असं सांगितलं ते यासाठी. सकाळी भरली असती तर आत्ता ते सांडून बॉनेटखालचा रंग निघाला असता. पॅड झिजले की पातळी आपोआप उतरते, त्यामुळे कमी झालेली पातळी आधी पॅडकडे बोट दाखवते.

डिस्कवर, म्हणजे पॅड जिला आवळतात त्या तबकडीवर, बोट फिरवा. कडेला उंच कंगोरा किंवा मध्ये खोल चरे असतील तर डिस्कही मेकॅनिकला दाखवा. पॅडला आणि डिस्कला तेलकट हात लागू देऊ नका. सगळं बसवून चाक लावलं, नट चांदणीच्या क्रमाने, म्हणजे एकानंतर त्याच्या समोरचा असे, आवळले, गाडी खाली घेतली. आणि मग गाडी जागची हलवण्याआधी ब्रेकचं पेडल कडक होईपर्यंत दाबा. पहिल्या दोन-तीन दाबांत ते थेट तळाला जातं. ही पायरी विसरलात तर पहिल्याच वळणावर ब्रेक नसेल.

ब्रेक ऑइल बदलण्याचं काम आम्ही घरी केलं नाही. एबीएसच्या (ब्रेक लावताना चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा असलेल्या) गाडीत हवा अडकली तर ती काढायला साधन लागतं. संध्याकाळी ओळखीच्या मेकॅनिककडे सीलबंद डबा घेऊन गेलो आणि समोर उभं राहून करून घेतलं. दर दोन वर्षांनी हे बदलायचं, गाडी कमी चाललेली असली तरी. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं. ताज्या डॉट ४ दर्जाच्या ब्रेक ऑइलचा उकळबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असतो, पाणी मुरल्यावर तो १५५ पर्यंत खाली येऊ शकतो. कसाऱ्याचा घाट किंवा गडाचा उतार सतत ब्रेकवर उतरलात की तेवढी उष्णता तयार होते, ऑइल उकळतं, नळीत वाफ धरते आणि पेडल स्पंजासारखं दबतं. उतारावर खालचा गिअर टाका, हेही तितकंच खरं.

मेकॅनिककडून जुन्या नाशकात सायंताराचा साबुदाणा वडा. त्या गल्ल्यांत गाडी घालू नका, बाहेर लावून चालत जा.

रविवार : हलकी कामं

सकाळी थंड टायर. हवेचा आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर असतो. टायरच्या भिंतीवर लिहिलेला आकडा कमाल मर्यादेचा, तो भरायचा नसतो. खाचांमध्ये ठिकठिकाणी रबराचे छोटे उंचवटे असतात, उंची १.६ मिलिमीटर. टायर झिजून त्यांच्या बरोबरीला आला की संपला. टायरचं वय त्याच भिंतीवरच्या चार आकड्यांत : २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. आमची स्टेपनी गाडीइतकीच जुनी निघाली, खाचा कोऱ्या करकरीत पण कडेला बारीक भेगा. ती बदलली. एकाच कडेने झिजलेला टायर दिसला तर चाकांची अलाइनमेंट (दिशा आणि कोन सरळ करणं) करून घ्या.

बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरी-हिरवट भुकटी जमली असेल तर आधी काळी म्हणजे निगेटिव्ह वायर काढा, मग लाल. खाण्याचा सोडा कोमट पाण्यात कालवून जुन्या टूथब्रशने घासा, पुसा, सुकवा. जोडताना आधी लाल, काळी शेवटी. वरून व्हॅसलीनचा पातळ थर. मल्टिमीटर असेल तर रात्रभर उभ्या गाडीवर १२.६ व्होल्ट म्हणजे पूर्ण चार्ज, १२.२ म्हणजे अर्धी. गाडी चालू असताना साधारण १३.८ ते १४.५ दिसायला हवेत.

केबिन फिल्टर बहुतेक गाड्यांत ग्लव्ह बॉक्सच्या मागे असतो. पूर्वी एका वर्कशॉपच्या बिलावर माझ्या गाडीचा हा फिल्टर बदलल्याचं लिहिलं होतं आणि पैसेही लावले होते. महिनाभराने मी डबा उघडला, तर आत कडुनिंबाची पानं आणि पिसं चिकटलेला जुनाच फिल्टर होता. मला त्याचा फार राग आला आणि अजून येतो. तेव्हापासून काढलेला प्रत्येक जुना पार्ट मी मागून घेतो. तुम्हीही मागा, तो तुमचा आहे. नवा बसवताना हवेच्या दिशेचा बाण बघा. इंजिनचा एअर फिल्टर त्याहून सोपा, चार क्लिपा. मात्र आतला डबा ओल्या फडक्याने पुसा.

पावसाळ्यानंतर एक काम बहुतेक लोक विसरतात. वायपरच्या खाली काचेच्या तळाशी जाळी असते, तिथे पानं कुजून पाणी वाहून जायचं छिद्र बुजतं. मग पाणी आत शिरतं आणि पायाखालच्या मॅटला वास येतो. मूठभर काळी माती निघाली आमच्याकडून. नवी वायपर पाती त्यानंतरच लावा.

कागद दहा मिनिटांत होतात : डिजिलॉकरमध्ये आरसी आणि विम्याची तारीख बघा, पीयूसी संपली असेल तर पेट्रोल पंपावर इंजिन तापलेलं असताना काढा. १ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदलेली गाडी असेल तर उच्च सुरक्षा नंबर प्लेट लागली आहे ना, तेही बघा.

दुपारी चाचणी. त्र्यंबक रोडने निघालो, सातपूरच्या कारखान्यांवरून पुढे अंजनेरीकडे. मागे कोणी नाही हे बघून, पन्नास-साठच्या वेगातून हळू ब्रेक लावत पंधरापर्यंत आणायचं, पूर्ण थांबायचं नाही, थोडं चालवून ब्रेक थंड होऊ द्यायचा. असं वीसेक वेळा. नवे पॅड डिस्कवर असेच बसतात. किर्रर्र गेली होती, स्टिअरिंग स्थिर होतं. ढाब्यावर थांबलो आणि शेवभाजी-बाजरीची भाकरी सांगितली. जेवण येईपर्यंत मी चारही चाकांजवळ वाकून बघितलं : एखादं चाक इतरांपेक्षा फार तापलेलं आहे का, जळका वास येतो का, चेंबरखाली ओल आहे का. डिस्कला हात लावू नका, रिमजवळ तळहात धरला तरी कळतं. पुढची दोन्ही सारखीच कोमट होती. रस्सा तिखट, तेलाचा तवंग बोटभर, आणि भाच्याने वाटीभर शेव वेगळी मागितली.

घरी आल्यावर वहीत तारीख, किलोमीटर, ऑइलचा ग्रेड आणि पॅडची जाडी लिहिली. पुढच्या ऑइलचा आकडा चिठ्ठीवर लिहून बॉनेटच्या आतून चिकटवला. शंभर किलोमीटर झाले की चाकांचे नट पुन्हा एकदा आवळायचे आणि थंड गाडीवर डिपस्टिक बघायची. आमचे शंभर गुरुवारी भरले. डाव्या चाकाचा एक नट पाव फेरा घट्ट झाला.